दहा नंबरचा पाना

बाळांनो, विंझरच्या त्या मेकॅनिकचे नाव मी विचारले नाही, पण त्याचा हट्ट तुम्हाला सांगायलाच हवा. पासलीला माणसे भरून नेणारी आमची वडापची जीप त्याच्या टपरीसमोर बंद पडली. गोणपाटावर नट-बोल्ट खोलायचे पाने ओळीने मांडून, वापरलेला प्रत्येक पाना पुसून जागच्या जागी ठेवत त्याने बिघाड काढला. शेवटी दहा नंबरची जागा मात्र रिकामी राहिली. त्याने ड्रायव्हरकडून चावी काढून घेतली.

"नवा पाना घे की रं! शीटं खोळंबलीत," ड्रायव्हर ओरडला.

"पाना मिळंल दादा. पर त्यो पंख्यात आडकून पट्टा तुटला, तर घाटात ह्या माणसांचं काय?"

तो जीपखाली आडवा झाला, मग बॉनेटमध्ये खांद्यापर्यंत हात घालून चाचपू लागला. उन्हात सगळे त्याच्यावर करवादले, तरी तो मान वर करेना.

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "ह्यो व्हय? काच खाली पडत हुती, म्हून म्या त्या गोणपाटावरनं उचलून खिडकीत खुपसला."

सगळे हसले, तोही हसला. काचेला त्याने पुठ्ठ्याची घडी लावून दिली, पाना घेतला आणि तरीही बॅटरीचा उजेड मारून पुन्हा एकदा पंख्यामागे वाकून पाहिले. मगच चावी परत केली.