मागच्या दोन चाकांवर

नाना ड्रायव्हरच्या गाडीला पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या मागे टाकून जायच्या. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन! वर पुन्हा वळून विचारायच्या, "नाना, ढकलू का?" नाना खिडकीतून हात हलवायचे आणि आहे त्याच चालीनं गाडी हाकत राहायचे. गाडीत पेशंट नसला की हाच माणूस असा सुसाट सुटायचा, की मी डोळे मिटून घ्यायची.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. पेठकडच्या डोंगरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. नवरा गेलेला, पदरात दोन मुली आणि नोकरी अजून कायम न झालेली. दवाखान्याकडे एक फोर-व्हील पिकअप होती. मागे ताडपत्रीचं छत, आत एक स्ट्रेचर, एक बाकडं. ती गाडी नानांची. म्हणजे सरकारची, पण नानांसमोर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

ते दिंडोरीकडचे, पन्नाशी उलटलेले, अंगानं किरकोळ. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे आमचं रोज वाजायचं. "नाना, बैलगाडी बरी हो तुमच्यापेक्षा!" असं मी म्हणायची. ते शांतपणे सांगायचे, "सिस्टरबाई, गाडी चढली पायजे, पन पेशंटला कळलं नाय पायजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा ऐकून माझे कान किटले होते.

हे वाक्य काही हवेतून आलेलं नव्हतं. एकदा मांडी मोडलेल्या एका म्हाताऱ्याला आम्ही नाशिकला नेलं. प्रत्येक वळणाला तो गुरासारखा ओरडत होता. दुसऱ्या दिवशी नानांनी डॉक्टरसाहेबांना चक्क स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागे स्ट्रेचरवर आडवे झाले. "चालवा साहेब. पेशंटला काय लागतं ते बघतो." साहेब तरुण होते, त्यांना मजाच वाटली. तासाभरानं नाना कंबर धरून उतरले आणि म्हणाले, "लो गिअरमध्ये वळणावर धक्के मारती ही."

त्या गाडीला मुख्य गिअरशेजारी दोन छोटे दांडे होते. एकानं पुढची चाकं जोडायची, म्हणजे चारही चाकं ओढायला लागतात. दुसरा 'लो' गिअरचा. तो टाकला की गाडी अगदी सावकाश पण ताकदीनं चालते. बनवणाऱ्यांनी मात्र आत एक खिट्टी घातलेली, पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडूच नये म्हणून. कोरड्या, टणक रस्त्यावर चारही चाकं ओढत असली की वळताना गाडी अडखळते, हिसके देते. नानांना हवा होता नुसत्या मागच्या दोन चाकांवरचा लो. गोगलगाईचा वेग आणि हिसके नाहीत.

पुढच्या रविवारी ते नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रीकडे गेले. मुलींच्या वह्या घ्यायच्या म्हणून मीही बरोबर होते, त्यामुळे तिथलं बोलणं माझ्या कानांनी ऐकलंय. मिस्त्री म्हणाला, "नाना, ती खिट्टी उगाच नाय घातलेली. सगळा जोर मागच्या दोघांवर आला तर एक्सल तुटंल."

"जोर दिला तर तुटंल," नाना म्हणाले. "मी जोर देतोच कशाला?"

खिट्टी त्यांनी काढलीच. आणि खरंच, जोर कधी दिला नाही. ॲक्सिलेटरवर पायाचा अंगठा नुसता टेकवायचे. जरा चिखल लागला, चाक जरा अडलं, की थांबायचे, खाली उतरायचे, भोवती फिरून बघायचे आणि पुढची चाकं जोडूनच निघायचे. दोन वर्षं असं चाललं. बाळंतिणी त्या गाडीत झोप काढायच्या, हो! एक तर नाशिक आलं तरी उठेना, तेव्हा नानांच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू. पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखे हसत होते.

तो दिवस एप्रिलमधला. डॉक्टरसाहेब मीटिंगला गेलेले. एका पाड्यावरून निरोप आला म्हणून आम्ही गाडी घेऊन गेलो. यमुना नावाची पहिलटकरीण, बाळ आडवं. नाशिकला नेऊन ऑपरेशन करण्यावाचून इलाज नव्हता. तिला घेऊन निघालो, बरोबर तिचा नवरा. वाटेतला कोरडा ओहळ उतरून वर चढताना मागचं चाक दोन खडकांच्या बेचक्यात बसलं. नाना थांबले. यमुनाचा नवरा दगड आणायला उतरला.

केबिनच्या मागच्या खिडकीतून नाना मला म्हणाले, "सिस्टरबाई, उतरून बघतो. दगड लावू, पुढची चाकं जोडू, मंग निघंल. पाच मिन्टं."

माझ्या हातात यमुनाची नाडी होती, आणि ती लागेनाशी झाली होती. मी ओरडले, "पाच मिनिटं कुठून आणू? दाबा तुम्ही!"

"एक्सल जाईल, बाई."

"तुमची लेक असती इथं, तर असेच दगड लावत बसला असता का?"

हे मी बोलले. ऐकणारे तिघंच, नाना, मी आणि ती. नानांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पाय दाबला. काडकन आवाज झाला. एक्सल तुटून चाक तिरकं बाहेर आलं, आणि गाडी बसली ती बसलीच.

पाड्यावरची माणसं जमवून स्ट्रेचर खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथं एका ट्रकला हात केला. पाच मिनिटं नाहीत म्हणून मी ओरडले होते, त्यात तीन तास गेले. बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाही गेली. वेळेवर पोचली असती तर वाचली असती का, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला आजही ते सांगता येत नाही.

चौकशी झाली. वरून साहेब आले. खिट्टी कोणी काढली, त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "मी." मग एवढा जोर का दिला? "माझीच घाई झाली, साहेब." साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणाले, "मी पेशंटकडे बघत होते."

बाहेर व्हरांड्यात मी नानांच्या समोर गेले, तर मला बोलूच देईनात. "खिट्टी मी काढली, ह्ये तर खोटं नाय ना? मंग झालं. एका गुन्ह्याला एक मानूस पुरे. तुमाला दोन पोरी हायेत." खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

त्यांच्या हातातली गाडी गेली ती कायमची. नाशिकच्या गोदामावर त्यांना पहारेकरी केलं. मी कायम झाले. पुढे नाशिकला बदली झाली, मुली शिकल्या. बसस्टँडवर नाना दोनतीनदा दिसले, तेव्हा मी गर्दीत तोंड लपवलं. एकदा मात्र त्यांनीच गाठलं आणि विचारलं, "थोरली कितवीला?" मी म्हणाले, "दहावीला." ते म्हणाले, "शिकवा, शिकवा," आणि गेले.

ते वारल्याचं मला महिन्यानं कळलं. दवाखान्यातला जुना कंपाउंडर भेटला, तो सांगत होता. इंदिरानगरच्या पलीकडे नानांच्या मुलानं दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथं मी एका दुपारी भेटायला गेले. मुलगा कामावर, घरात नानांच्या बायको, नानी, एकट्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. इकडचं तिकडचं झालं, मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमाला म्हनून सांगते, सिस्टरबाई. मी त्यांच्याशी नीट वागले नाय. घरात काय बी बिनसलं की म्हनायची, तुमच्या घाईनं बाळंतीन मारली, तिचा तळतळाट लागलाय आपल्याला. पोरीला दिवस जात नव्हते, तवा बी ह्येच म्हनले. त्ये म्हनायचे, व्हय, लागला असंल."

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी सगळं सांगितलं. ओहळ, दगड, माझं ते लेकीचं बोलणं, चौकशीतलं माझं उत्तर. काही गाळलं नाही. नानी शेवटपर्यंत ऐकत होत्या. मला वाटलं होतं, त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या म्हणाल्या, "धा वर्सं बोलले मी त्या मान्साला." आणि लगेच, "तुमी जा आता."

मी उठले. बाहेर पायरीवर चपला घालत होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"अवं, मला तरी सांगायचं व्हतं."