सालबर्डीचे लाल दगड आणि ह्यांची लांब लेन्स

लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि आम्ही दोघं मिळून अकोल्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. हे एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ कॅमेऱ्याला द्यायचे. साठ सालानंतरची गोष्ट. डिसेंबरात ह्यांच्या मुंबईच्या मावसभावाने रंगीत फिल्मचा एक रोल पाठवला. आमच्या आळीत रंगीत फिल्म कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. थंड जागी ठेवायची म्हणून हे तिला मुरंब्याच्या बरणीशेजारी ठेवून रोज बघून यायचे.

"कशाचे फोटो काढणार?" मी विचारलं.

"दगडांचे."

मग ह्यांनी समजावून सांगितलं. आपल्या वऱ्हाडात माती काळी, दगडही काळा. पण मोर्शीच्या पुढे, सालबर्डीला, नदीकाठी चक्क लाल दगड आहेत. ह्यांचे शाळासोबती नामदेवराव तिकडेच संत्र्यांची बाग करायचे, त्यांनी बोलावलं होतं.

"आणि त्यात माझा एक?"

"माणसं काळ्या-पांढऱ्यातच चांगली दिसतात," हे म्हणाले.

तरी मी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. रंगीत फोटो एक तरी काढून घ्यायचाच, असं मी ठरवूनच निघाले होते. सासूबाईंना सांगितलं की सालबर्डीच्या महादेवाला जातोय. ते खोटं नव्हतं. दर्शन आम्ही घेतलंही, फक्त ह्यांचं लक्ष गाभाऱ्यापेक्षा बाहेरच्या उन्हाकडे होतं.

अकोल्याहून सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा. थंडी मरणाची होती आणि माझी एकुलती एक शाल ह्यांच्या लेन्सला गुंडाळलेली होती. ही लेन्स म्हणजे वीतभर लांबीची जर्मन नळी. लांबचं जवळ आणणारी, आणि ह्यांचा जीव की प्राण. साधी लेन्स हे घरीच ठेवून आले होते, वजन नको म्हणून. ते गाठोडं मांडीवर घेऊन, एका हाताने थोपटल्यासारखं धरून हे बसले होते. मूर्तिजापूरला एक बाई चढल्या. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "गुमान निजलं हाय बापा. किती महिन्याचं हाय?"

"जर्मन आहे," हे म्हणाले.

बडनेरा येईपर्यंत बाई माझ्याकडे फार करुणेने बघत होत्या.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती, तिथून प्रवासी मोटारीने मोर्शी. रस्त्याला खड्डे होते की खड्ड्यांतून मधूनमधून रस्ता होता, हे सांगणं अवघड. कुणी त्या बाजूला जाणार असाल तर मागच्या बाकावर बसू नका, आमचं डोकं दोनदा छताला लागलं. पण मोर्शी जवळ आली तशा दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागल्या आणि धुळीतसुद्धा सालीचा वास यायला लागला. तेवढ्यावर मी सगळं माफ केलं.

नामदेवराव न्यायला आले होते. उंच, दणकट, आवाज असा की शेजारच्या गावात चौकशी व्हावी. त्या रात्री त्यांच्या घरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वर वाटीभर तूप. नको म्हटलं की ते दुखावल्यासारखा चेहरा करायचे, म्हणून आम्ही नको म्हणायचं सोडून दिलं.

"वहिनीचा फोटो काहाडला का मंग रंगीत?" त्यांनी जेवताना विचारलं.

"नाही. दगडांसाठी आणलाय रोल," हे म्हणाले.

नामदेवरावांचा घास हातातच राहिला. "काहून बे? गोटे काय पयून चालले का?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांच्या दमणीतून निघालो. दमणी म्हणजे माणसांसाठीची हलकी बैलगाडी. हलकी आहे हे बैलांना पटतं, आपल्या कमरेला पटत नाही. दर्शन उरकून नदीकाठी पोचलो तेव्हा कोवळं ऊन नुकतंच दरडीवर पडत होतं. पलीकडच्या काठावर दगडांचे थर होते. खाली गेरूसारखा लाल, त्यावर फिकट गुलाबी, मध्ये हळदीची बोटं ओढावीत तशा पिवळ्या रेघा. जन्म काळ्या मातीत गेलेल्या माणसाला आपल्याच मुलखात असं काही असेल हे खरं वाटत नव्हतं.

ह्यांनी तिपाई लावली, लेन्स बसवली आणि लगेच एक अडचण आली. लांबचं जवळ आणणारी लेन्स जवळचं फारच जवळ आणत होती. एवढ्या मोठ्या दरडीतून एक तुकडा तेवढा दिसत होता. म्हणून हे मागे सरकले. मग आणखी मागे. मग तिपाई उचलून शेतात गेले. हरभऱ्याच्या वाफ्यातून, बांधावरून, दुसऱ्याच्या शेतात. नामदेवराव मागून चालत ह्यांना म्हणाले, "दिगू, अजून थोडं मांगं जा. मोर्शीहूनच काहाडला असता तरी चाललं असतं."

दुपारपर्यंत रोल संपत आला. मग ह्यांच्या लक्षात आलं की फोटोत दगड केवढे आहेत ते कळणारच नाही. मापाला काहीतरी हवं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू जरा पलीकडे जाऊन उभी राहतेस?"

मी संत्र्यांची पिशवी घेऊन, लुगडं सावरत, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले. ह्यांनी हात हलवून आणखी वर जायला सांगितलं. वर गेले. आणखी वर. शेवटी एका लाल कपारीवर बसले. ह्यांचा आवाज पोचत नव्हता, मी ह्यांना दिसत असेन एवढीच खात्री. बसल्या बसल्या एक संत्रं सोललं.

ती चूक झाली. वास सुटताच वरच्या झाडातून काळ्या तोंडाचं एक वानर उतरलं आणि माझ्याशेजारी, नात्यातलं असल्यासारखं, येऊन बसलं. मी त्याला एक फोड दिली. त्याने ती खाल्ली आणि पिशवी धरली. मीही धरली. मागून आणखी पाच-सहा आली.

हे सगळं ह्यांना लेन्समधून बारीक पण स्पष्ट दिसत होतं. पुढचं मला नामदेवरावांनी सांगितलं. हे नुसतंच "अरे, अरे" म्हणाले, कॅमेरा तसाच सोडला आणि धावत सुटले. ज्या लेन्सवर हे माशी बसू देत नसत, ती तिपाईवर वाऱ्यात डुलत राहिली. मला दिसलं ते एवढंच, की शास्त्राचे शिक्षक, एका पायात चप्पल, नदीत एकदा आडवे होऊन, हातात हरभऱ्याचं उपटलेलं झाड घेऊन माझ्याकडे येताहेत. वर पोचले तेव्हा दम इतका लागला होता की वानराला हाकलण्याऐवजी हे त्याच्याच पलीकडे मटकन बसले. वानराने पिशवी काढून घेतली, संत्री नेली, रिकामी पिशवी आमच्या अंगावर टाकली.

"लागलं का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. तुमची लेन्स?"

तेव्हा ह्यांना ती आठवली. खाली आलो तर नामदेवराव तिपाई उचलून थेट पाण्याच्या काठाशी आणून तिच्याजवळ खुशीत उभे.

"दाबलं म्या ते बटन. येकदम खटकन वाजलं."

शेवटचा फोटो तेवढाच उरला होता. दमणीत मोर्शी येईपर्यंत हे नामदेवरावांशी बोलले नाहीत. नामदेवरावांना ते कळलं नाही, कारण ते स्वतःच बोलत होते.

रोल धुवायला मुंबईला गेला, दीड-दोन महिन्यांनी पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक स्लाइड आल्या. खिडकीच्या उजेडात एकेक धरून पाहिल्या. दगड फार सुंदर आले होते, अजूनही म्हणते. माझा फोटोही होता. हिरव्या मुगाएवढी मी, लाल दरडीवर. आणि शेवटच्या स्लाइडमध्ये आम्ही दोघं, चांगले मोठे. हे चिखलाने माखलेले, हातात हरभरा, मी हसतेय, मधोमध वानर. लग्नातसुद्धा फोटो ह्यांनीच काढल्यामुळे आमचा दोघांचा असा एकही फोटो घरात नव्हता.

हे म्हणाले, "फोटो तिरका आलाय." आणि ती स्लाइड स्वतःच्या पाकिटात ठेवली.

आता मोर्शीहून सालबर्डीपर्यंत चांगली सडक आहे. थंडीत जा, सकाळच्या उन्हात पोचा, आणि फळं गाडीतच ठेवा. आमच्या त्या स्लाइडचे रंग इतक्या वर्षांत उडाले. आधी हिरवा गेला, मग निळा. राहिला तो लालच. दगड लाल, लुगडं लाल, वानर लाल, हेही लाल. परवा मी ह्यांना ती दाखवून विचारलं, "यात दगड कुठला ते तरी ओळखू येतं का?" ह्यांनी चष्मा पुसला, स्लाइड उजेडात नीट धरली आणि बोट बरोबर माझ्यावर ठेवलं.