व्याह्यांनी दिलेली कात

आमच्या व्याह्यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे मळ्यातल्या मोटारीच्या उघड्या वायरीनंही दिले नाहीत. वायर निदान ओल्या हातालाच धरते. व्याह्यांपाशी ओलं-कोरडं असा भेदभाव नाही. जळगाव जामोदच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवतात आणि घरी खेकडे पाळतात. पाळतात म्हणजे कसे, तर न्हाणीघरात टबांमध्ये खेकडे, आणि माणसांनी आंघोळ अंगणात करायची. माझ्या एकुलत्या एका मुलीला बघायला ते देऊळगाव राजाला आले, तेव्हा पोह्यांना हातही न लावता त्यांनी तिला विचारलं, "बेटा, खेकडा कुठून धरतात?" मी हादरलो. शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका, कशाची म्हणून चौकशी नाही! ती म्हणाली, "मागून, काका. पाठीवर." व्याही उठून उभे राहिले आणि मुलाकडे न बघताच म्हणाले, "आपल्याकून पक्कं." मुलगा गुणी होता, पण या घरात माझी पोर नांदणार कशी, या काळजीनं त्या दिवसापासून मला घास गोड लागेना.

लग्न त्यांच्याच गावी झालं. वरात दाराशी आली, बँडवाल्यांना नुकता कुठे जोर चढला होता, आणि व्याही फेट्यासकट दोन्ही हात पसरून आडवे! "बंद करा बे वाजवणं! आत एक जण कात टाकून राह्यला!" बँड गप्प. नवरी उंबऱ्याबाहेर ताटकळलेली. माझी बायको तर रडायचीच थांबली. मी त्यांना बाजूला ओढलं. "अहो व्याही, लक्ष्मी दारात उभी आहे आणि तुम्हाला खेकड्याचं पडलंय?"

"रागावू नका, इवाई," ते कुजबुजले. "आपल्याले वाटते, जुनं कवच फेकलं का सुटला. तसं नाही. कात टाकताना त्याचा श्वास कोंडते. मंग एकदम प्राणवायू भेटते, अन् तोच प्राणवायू त्याले आतून जाळाले लागते. त्याच्यावर उतारा म्हणून अँटिऑक्सिडंट बिचारा पयलेच जमवून ठेवते. अशा टायमाले कोणी डिवचलं, तर जमवलेलं सारं त्याच्यातच खर्च होते. निपचित पडू द्या लागते त्याले, बस." मग माझ्या मुलीनं मापाला असा अलगद पाय लावला की तांदूळसुद्धा वाजले नाहीत.

त्यानंतर नातेवाईक बायका नवी सून बघायला आल्या, तर व्याह्यांनी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. मुलीनंच फोनवर सांगितलं. म्हणाले म्हणे, "आत्ता नाही. पोरगी आताच माहेर सोडून आली, अजून मऊ हाये. तुम्ही डिवचसान. नंतर या." त्यांतली जावयाची सोनाळ्याची आत्या रुसली ती अजून बोलत नाही. एवढा मोठा धक्का त्यांनी मला तोवर दिला नव्हता.

पहिल्या माहेरपणाला तिला आणायला मीच गेलो. गळ्यात पडून रडेल म्हणून धुतलेला रुमाल खिशात ठेवला होता. बाईसाहेब न्हाणीघरात टबाशी उकिडव्या! मला बघून ओठांवर बोट. "बाबा, हळू. याची कात आताच सुटली. आज मले नाही येता येणार." मले! देऊळगाव राजाची माझी पोर 'मले' म्हणाली! रुमाल मी गुपचूप माझ्याच कामी आणला.

निघताना व्याह्यांनी हातात मिठाईचा डबा दिला. उघडला तर कापसावर आख्खा खेकडा, नांग्या, पाय, डोळ्यांसकट. डबा हातातून पडलाच असता.

"जित्ता नाही, कात हाये," ते म्हणाले. "नव्या कवचाले चुना लागते, म्हणून तो सोताच खाते हे. आज याच्या बदल्यात त्याले अंड्याचं टरफल टाकलं. पोरगी न्यायले आले अन् रिकाम्या हातानं कसे जासान?"

बसमध्ये डबा मांडीवर धरून बसलो. घरी बायकोनं दार उघडलं आणि माझ्या पाठीमागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मी डबा तिच्या हाती दिला. तिनं ती कात मुलीच्या फडताळात, तिच्या जुन्या कंपासपेटीशेजारी ठेवली आणि फडताळाचं एरवी आपटावं लागणारं दार आवाज न करता हळूच लोटलं.