आप्पांचा आवाज आणि नवी डिस्क

लातूरच्या घरातला कॉम्प्युटर टकटक करायला लागला तेव्हा आईला वाटलं, पाल चुकचुकतेय. तिने रीतसर भिंतीवर तीनदा बोट आपटून "शिव शिव" म्हटलं आणि मग नांदेडला मला फोन लावला.

"पाल तर कुठं दिसंना," ती म्हणाली. "आवाज त्या डब्यातून येऊन राहिला. आप्पाबी लई बेचैन हायत."

मी हसलो. पाल कसली, हार्ड डिस्क मरायला टेकली होती, हे मला फोनवरच कळलं. आईच्या शकुन-अपशकुनांची चेष्टा करायला मला आवडतं. पण फोन ठेवल्यावर माझ्याही मनात काहीतरी चुकचुकलं, कारण त्या डिस्कमध्ये आप्पांचा आवाज होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्यांनी आडत बाजारात सौदे पुकारले. सोयाबीनच्या ढिगापाशी उभं राहून भाव पुकारायला लागले की पलीकडच्या गल्लीतल्या चहावाल्यालाही दर कळायचा. मग घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना कॉम्प्युटरसमोर माइक देऊन बसवलं, रेकॉर्डिंग चालू केलं आणि दार लोटून बाहेर गेलो. ते काय बोलले हे पुढे आईकडून कळलं. आधी तुरीचा सौदा पुकारला. मग नातवंडांना हाका मारल्या. आणि शेवटी आईचं नाव घेतलं. नुसतं नाव, एकदाच.

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला "अगं ए" म्हटलं होतं. स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून तिने त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

आता ते गळ्याच्या भोकातून श्वास घेतात आणि टाळी वाजवून बोलावतात. बोलायला गेले की ओठ हलतात, भोकातून हवा येते, शब्द येत नाही. ते ओठ मला वाचता येत नाहीत, आईला बरेचसे येतात. दुपारी जेवणं झाली की दोघं कॉम्प्युटरसमोर खुर्च्या ओढतात आणि ते रेकॉर्डिंग लावतात. मी घरात असलो की मात्र लावत नाहीत. फोनवर उतरवून ठेवू का, असं मी एकदा विचारलं, तर आप्पांनी जोरजोरात पंजा हलवला. "फोनवर गेलं की गावभर व्हतंय, म्हणतेत," आईने अर्थ सांगितला. पुढे मीही तो विषय काढला नाही. तो त्या दोघांचा मामला होता.

शनिवारी मी नवी एसएसडी डिस्क घेऊन लातूरला गेलो. आईने ती तळहातावर तोलून पाहिली. "ह्यात तर काहीच न्हाई की. पोकळ हाय." तिचा जड वस्तूंवर विश्वास. मी म्हणालो, आत फिरणारं काही नाही म्हणून हलकी, फिरणारं नाही म्हणूनच बिघडतही नाही. तिला ते पटलं नाही.

नवी डिस्क जुनीपेक्षा लहान घेतली होती. म्हटलं, विंडोज आणि स्क्रीनवर दिसतं तेवढं आधी नेऊ. गाणी, लग्नाचे फोटो पुढच्या खेपेला. नक्कल होत होती तोवर जुनी डिस्क टकटकत राहिली आणि प्रत्येक टकटकीला आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा हात गळ्यावर होता.

शेवटी बटण दाबलं. पूर्वी चहा पिऊन होईस्तोवर चालू न होणारा डबा पापणी लवायच्या आत चालू झाला. ना टकटक, ना घरघर.

"आवाजच न्हाई," आई म्हणाली. कुणी हसलं नाही.

'आप्पा' नावाचं फोल्डर स्क्रीनवर होतं तिथंच होतं. आप्पा शेजारी उभे होते, म्हणून मी ते उघडलं नाही.

"समदं आलं का त्यात?"

"सगळं आलं."

"मग ह्या जुनीचं काय?"

"तिचं झालं आता," मी म्हणालो आणि ती टेबलावर ठेवली. फोटो अजून हिच्यातच आहेत हे सांगायचं मनात होतं, ते मनातच राहिलं. आईने तिला इभुतीची तीन बोटं ओढली, हळदीकुंकू लावलं, वर बेलाचं पान ठेवलं. "एवढी वर्सं आवाज सांभाळला हिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आईने नेहमीप्रमाणे निर्माल्याचं गाठोडं हातात दिलं. नांदेडला जाणाऱ्याने ते गंगेत सोडायचं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. "उघडायचं न्हाई. वाटंत भुईवर ठेवायचं न्हाई," तिने बजावलं. मी ते मांडीवर घेऊन एसटीत बसलो. लोह्याच्या अलीकडे रस्ता खराब आहे, तिथे गाठोड्यातलं काहीतरी टोकदार मांडीला टोचायला लागलं. बेलाच्या पानांना कोपरा कुठला? फुटकी तसबीर असेल, असं मी ठरवलं आणि गाठोडं फिरवून धरलं.

घाटावर पाणी भरून चाललं होतं. एरवी गाठोडं जरा तरंगतं, फुलं सुटतात, मग खाली जातं. हे दगडासारखं गेलं. मी उगाच बराच वेळ तिथे थांबलो.

सोमवारी दुपारी आईचा फोन आला. "आप्पांनी दाबलं, तर लागंना. फुली येऊन राहिली."

तेव्हा मला उमगलं. स्क्रीनवरचं 'आप्पा' नावाचं ते चित्र म्हणजे नुसता शॉर्टकट, खऱ्या फोल्डरकडे जाणारी वाट होती. घर जुन्या डिस्कच्या दुसऱ्या भागात होतं, आणि तो भाग मी घेतलाच नव्हता. तरी धीर होता. "घाबरू नको. जुनी टेबलावर आहे ना? तिच्यात आहे सगळं. मी येतो."

आई म्हणाली, "ती तर तुझ्यासंगंच दिली की रे. इभूत लावल्याली चीज घरात कशी पडू द्यायची? तूच म्हणलास, तिचं झालं." आणि जरा थांबून, "सोडलीस का गंगंत?"

"सोडली," मी म्हणालो.

"म्हंजे आता ते न्हाईच?"

"नाही, आई."

मला रडू आलं. ते तिने ऐकलं असेल. पलीकडे टाळी वाजली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, अगदी फोनजवळ. त्यानंतर फक्त हवा ऐकू येत राहिली, गळ्याच्या भोकातून येणारी, एकदा, मग जरा थांबून पुन्हा. मी कान फोनला दाबून धरला. त्यात एक अक्षरही नव्हतं.

"हाव," आई हळूच म्हणाली. माझ्याशी नव्हे. "आणखी एकदा म्हणा."