साहेबासाठी घातलेली चूल

दुर्गाबाईच्या हातची चूल म्हणजे चूल! किरनापूरकडच्या त्या गावात कुणाचीही सून वेगळी निघाली की बोलावणं दुर्गाबाईला. माती कालवता कालवता ती सुनेला टोमणाही हाणायची, "मोठी घाई झाली वो तुले!" आपल्या घरात मात्र दुसरी चूल होणार नाही, याची तिला खात्री. स्वतःला मूलबाळ नव्हतं. दीर चैतराम लहानपणीच पोरका झालेला, त्याला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्याची बायको अनुसया आली, तरी भात एकाच गंजात शिजायचा आणि वाढायची दुर्गाबाई.

ब्याऐंशी साली सरकारनं लहान शेतकऱ्याला धानाचं बी आणि खत अनुदानावर द्यायचं काढलं. लहान म्हणजे पाच एकरांच्या आतला. इथं दोघा भावांची मिळून नऊ एकर. दुर्गाबाईचा नवरा मोतीलाल मोठा हुशार, म्हणजे स्वतःच्या मते! त्यानं पटवाऱ्याला गाठून कागदावर वाटणी करून टाकली. पण चुली खरंच दोन आहेत का, हे साहेब घरी येऊन बघणार होते.

"अवं, अंगणात एक चूल घालून दे. साहेब गेला का फोडून टाकू."

दुर्गाबाईनं घातली. वाईट घालणं तिला जमतच नव्हतं.

साहेब आले, नव्या चुलीवरचा चहा प्याले आणि मान डोलावून गेले. बी आलं, खत आलं. मोतीलालनं कुदळ काढली. मोठ्या दिराशी बोलायची रीत नाही, म्हणून अनुसया जावेला म्हणाली, "बाई, राहू द्या. साहेब पुन्हा आला त काय दाखवाचं?" बोलणं काही वावगं नव्हतं.

साहेब फिरकले नाहीत. पण आधी अंघोळीच्या पाण्याला, मग चहाला, मग धानाच्या रोवण्यात चैतरामला लवकर जायचं म्हणून भाकरीला, अनुसयेच्या हातून अंगणातली चूल पेटत गेली. दुर्गाबाईला राग यायचा. काढणार कुणावर? घातली तिनंच होती.

धान असं आलं की गाव बघत राहिलं. नवं खायचा दिवस उजाडला. नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखवायचा आणि घरच्यांनी एका पंगतीला बसून खायचा. दुर्गाबाईनं मोठा गंज चढवला, नैवेद्य दाखवला, पाटही मांडले.

तेवढ्यात अनुसया दारात. हातात फडक्यानं झाकलेलं ताट.

"बाई, आमच्याकडचं नवं घ्या."

आमच्याकडचं! शेजारणी आणतात तसं! मागं अंगणात चैतराम खाली मान घालून उभा होता.

"काहून रे चैत्या, हे काय होऊन राह्यलं?" मोतीलाल ओरडला.

"दादा, कागद त तूच केला ना."

दुर्गाबाईनं नवऱ्याला हातानंच गप्प केलं. ताट आत नेऊन रिकामं केलं. शेजारचं ताट रिकामं परत धाडू नये. तिनं आपल्या गंजातला भात त्यात वाढला, चैतरामला आवडते ती तळाची खरवड वर ठेवली आणि ताट झाकून अनुसयेच्या हाती दिलं.

"घे माय," ती म्हणाली. "झाली आता खरी वाटणी."