कोणालाही सूट नाही, हुकमावरून

माझ्या पाळणाघराच्या फाटकाशी भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं आहे : लसींचे कार्ड पूर्ण असल्याशिवाय प्रवेश नाही. कोणालाही सूट नाही. हुकमावरून.

ते 'हुकमावरून' पेंटरनं आपल्या मनानं टाकलं होतं. मी म्हटलं, राहू दे, शोभून दिसते. हुकूम कोणाचा? माझाच. नवरा गेल्यावर अमरावतीत घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी हे पाळणाघर काढलं, आणि जन्मात पहिल्यांदा कोणी माझा हुकूम ऐकायला लागलं. ऐकणारे सगळे पाच वर्षांच्या आतले होते, ही गोष्ट वेगळी.

लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापा. गोड बोलून दुसऱ्याची लेकरं सांभाळता येत नाहीत. गोड बोललं की लोक शेंबूड वाहणारं लेकरू आणून टेकवतात आणि म्हणतात, काकू, सकाळी तर चांगलं होतं.

पण कार्डाचा नियम आधी एवढा कडक नव्हता. तो कडक झाला माझ्या नातीपायी. माझी मुलगी अकोल्याला बँकेत आहे, जावई नोकरीच्या गावी, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. त्यांची पोर दीड वर्षाची असताना अंगावर सुजली. डोळे उघडेनात इतकी सुजली. किडनीचा आजार निघाला. त्याच्यावर ज्या गोळ्या सुरू झाल्या त्या अंगातली झगडायची ताकद दाबून टाकणाऱ्या. डॉक्टरनं सांगितलं, गोळ्या चालू आहेत तोवर गोवरासारख्या जिवंत लशी हिला द्यायच्या नाहीत. तशी चिठ्ठी लिहून दिली, खरी, सहीशिक्क्याची.

ती चिठ्ठी घेऊन माझी मुलगी अकोल्यातली पाळणाघरं फिरली. एकीनं चिठ्ठी न वाचताच परत केली. दुसरी म्हणाली, जागा भरली. तिसरी जुन्या शहरातली, ती जरा भली होती, तिनं पाणी विचारलं आणि मग नाही म्हटलं. मोर्णेच्या पुलावर उभी राहून मुलीनं मला फोन केला. रडून राहिली होती. मागून गाड्यांचे हॉर्न. मी म्हटलं, "रडते काहून? आण तिले माह्याजवळ. माह्या घरी तिले कोण नाही म्हणते तेच पाहते मी."

नात आली. शनिवारी मुलगी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. इथल्या डॉक्टरकडे मी पोरीला नेलं तर त्यांनी मला नीट बसवून समजावलं. म्हणाले, "आजी, हिला आपण लस देऊ शकत नाही. म्हणून हिच्या आजूबाजूच्या प्रत्येक मुलाला लस झालेली पाहिजे. तेच हिचं चिलखत." घरी आले आणि त्याच संध्याकाळी पेंटरला बोलावलं. कोणालाही सूट नाही. एक सोडून. ती एक भिंतीवर लिहायची मला काही गरज वाटली नाही. घर माझं, पोर माझी.

त्यानंतर मी कोणाचं ऐकलं नाही. एका बाईच्या सासूनं पहिल्या सुईला ताप आला म्हणून पुढच्या बंद केल्या होत्या. तिला मी फाटकातूनच परत लावलं. "सासूले म्हणा, तुमीच सांभाळा मंग." त्या बाईच्या डोळ्यात पाणी आलं तरी मी कडी काढली नाही.

मग आली ती प्रोफेसरीण. नवऱ्याचं तिवशाला खताचं दुकान, ही इथल्या कॉलेजात शिकवायची. तीन वर्षांचा मुलगा, गोरा, तुपातला. आली ती ऐन सुट्टीच्या वेळी, सगळ्या आया लेकरं न्यायला जमलेल्या. पर्समधून एक कागद काढून मला दिला. म्हणाली, "काकू, याला लसी सोसत नाहीत. डॉक्टरांनी सूट दिली आहे."

मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं : सदर बालकास सर्व लसींपासून सूट देण्यात यावी.

"सर्व! कोणती लस घेतली अन् काय झालं, सांगा ना बाई."

"घेतली नाही अजून कोणती. माझा विश्वास नाही त्यावर. अंगातली नैसर्गिक शक्ती..."

"घेतलीच नाही? मंग सोसत नाही हे काय सपनात दिसलं?"

आया फिदीफिदी हसल्या. मला चेव आला. मी तो कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हटलं, "असे कागद पायलीचे पन्नास भेटतात. आधी लेकराले सुया द्या, मंग या." आणि फाडून तिच्या हातात दिला. तिचा चेहरा लालेलाल झाला. तुकडे पर्समध्ये टाकून निघाली. मला वाटलं, घाबरली.

महिन्या-दोन महिन्यांनी परत आली, कार्ड घेऊन. वयाप्रमाणं जे देता येत होतं ते सगळं दिलेलं. मी मुलगा घेतला. ती रोज हसून बोलायची. माझ्या नातीचे गाल ओढायची. "किती गुबगुबीत आहे हो तुमची नात!" गोळ्यांनी फुगलेले गाल होते ते. मी कशाला सांगू? मला वाटलं बाई निवळली. मूर्ख मी!

उन्हाळ्याच्या तोंडाशी गोवराच्या जादा डोसाची मोहीम निघाली. आरोग्य केंद्राच्या सिस्टर माझ्याकडे आल्या. मी आयांना बोलावून घेतलं, सतरंजी टाकली, कूलर लावला. काय ती रडारड! एकाला टोचलं की रांगेतले चार आधीच सुरू. प्रोफेसरणीचा मुलगा तर आईच्या साडीत शिरून किंचाळत होता.

माझी नात आतल्या उंबऱ्यावर बसून पाहत होती. चार वर्षांची. बिचारी रोज सगळ्यांपेक्षा मागं असायची. पळाली की दम लागायचा, डब्यात अळणी खिचडी, बाकीची पोरं तिला 'अळणी' म्हणूनच हाक मारायची. आज पहिल्यांदा तिच्याजवळ असं काही होतं जे कोणाजवळच नव्हतं. ती उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मले सुई नाही देत कोणी. मले माफ आहे!"

रडणारी पोरं गप्प झाली. प्रोफेसरीण माझ्याकडे पाहून हसली. तसं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या आया एकत्रच आल्या. लेकरांना घेऊन गेल्या नाहीत, फाटकाशी उभ्या राहिल्या. प्रोफेसरणीनं पर्समधून चष्मा काढला आणि भिंतीवरचं वाचलं. मी वाचलं होतं तसंच, मोठ्यानं, एकेक अक्षर. शेवटी "हुकमावरून" म्हणून थांबली.

मी आतून डॉक्टरची चिठ्ठी आणली. सही दाखवली, शिक्का दाखवला.

"काकू, कागद तर मीही आणला होता," ती म्हणाली. "पायलीचे पन्नास, नाही का?"

"अवो, हा खरा आहे!"

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," मागून कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा तीच फिदीफिदी. हसणाऱ्या त्याच.

मी समजावलं. देवाशपथ समजावलं. म्हटलं, बायांनो, तुमच्या लेकरांना हिच्यापासून काही होत नाही. किडनीचा आजार लागत नाही कोणाला. उलट धोका आहे तो हिलाच. कोणी ऐकेना. एक म्हणाली, फुगलेली तर दिसतेच ती. दुसरी म्हणाली, काल माझ्या पोराच्या गिलासातून पाणी प्यायली. ज्या बाईला मी सासूपायी परत लावलं होतं, तीही होती त्यांच्यात. नंतर सुया देऊन आली होती पोराला. ती फक्त माझ्याकडे पाहत राहिली. प्रोफेसरणीनं शेवटी सांगून टाकलं, "आम्ही काही वाईट नाही बोलत काकू. नियम तुमचाच आहे. उद्यापासून ती तरी, नाहीतर आमची मुलं तरी."

मी काय करायला पाहिजे होतं, हे आता मला सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांनी एकदा पाळणाघर चालवून पाहावं. लेकरं गेली असती तर चूल कशावर पेटणार होती? आणि पोरीला घेऊन जाणार कुठं? अकोल्याला, त्या तीन दारांवर? म्हणून मी तिला मागच्या खोलीत ठेवलं. स्वयंपाकघराच्या बाजूची, धान्याच्या कोठ्या ठेवायची खोली. गादी टाकली, टेबलफॅन लावला, रंगीत खडू दिले. डॉक्टर तर म्हणतच होते की गर्दीत कमी ठेवा. पहिल्या दिवशी ती तीनदा पळत बाहेर आली, खेळायला. तिसऱ्यांदा प्रोफेसरीण नेमकी फाटकात. तेव्हा मी बाहेरून कडी लावली.

पहिले एकदोन दिवस पोरं त्या दारापाशी गेली, थापा मारल्या. मग विसरली. लेकरांची जातच तशी. ही मात्र विसरली नाही. मी पुढच्या खोलीत अंक शिकवायला लागले, पाचानंतर काय म्हटलं की दारामागून आवाज यायचा, "सहा!" सगळ्यांच्या आधी. पोरं हसायची. मी ओरडायची, "चूप बस व!" ती चूप बसायची. सातला पुन्हा तेच.

त्या शनिवारी मुलगी लवकर आली, दुपारीच. बँकेला सुट्टी होती. मला सांगायला विसरली, की मुद्दाम सांगितलं नाही, देव जाणे. पुढच्या खोलीत पोरं झोपलेली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "आई, पोरगी कुठी आहे?" मी उत्तर देणार तेवढ्यात मागून खडूचा आवाज आला, दारावर ओढल्याचा. ती गेली. कडी पाहिली. काढली. पोर घामानं निथळत होती आणि दाराच्या आतल्या बाजूला, हात पुरेल तिथवर, रेघोट्याच रेघोट्या.

मी सगळं सांगितलं. आयांचं सांगितलं, प्रोफेसरणीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं, पोरीचं तोंड पुसलं, कपडे पिशवीत भरले. मला वाटलं भांडेल. माझीच पोर आहे, तोंड माझंच आहे तिला. पण ती फक्त एवढंच म्हणाली, "आई, अकोल्यात तिघींनी नाही म्हटलं. पण कडी कोणी नाही लावली."

तिनं बिनपगारी रजा घेतली. वाढवता वाढवता शेवटी नोकरी सोडली. जावयानं खापर माझ्यावर फोडलं. मी पण त्याला चार सुनावल्या. पोरीला आजारात सोडून बाहेरगावी बसणाऱ्यानं मला शिकवू नये.

पाळणाघर माझं चांगलं चाललं आहे. जागा नाही म्हणून लोकांना परत लावते. प्रोफेसरणीनं मुलाच्या वाढदिवसाला पेढे आणले, मोठा डबा. "काकू, तोंड गोड करा." आणि मी तो पेढा खाल्ला, बाई! तिच्यासमोर उभी राहून खाल्ला. दुसरा पण घेतला.

यंदा नातीच्या गोळ्या बंद झाल्या. सूज उतरली ती परत आली नाही. काही महिने वाट पाहून डॉक्टरनं तिच्या राहिलेल्या लशी एकेक करून दिल्या. शेवटची झाली त्यानंतरच्या रविवारी फोन आला तो मुलीचा असेल म्हणून मी उचलला. नात होती.

"आजी, मी सुई घेतली. रडली नाई."

"वा व माय माझी! वाघीण आहेस तू."

"आता माह्यं कार्ड पूर्ण झालं. सगळे शिक्के मारले. आता मले घेशीन का तू?"

"घेईन ना बाई. आताच ये. तुह्यंच घर आहे ते."

मग तिनं हळूच विचारलं, "पुढच्या खोलीत?"