खदानीकडची खिडकी

आमच्या वस्तीतल्या एकाही जुन्या घराला खदानीच्या बाजूनं खिडकी नाही. घरं दगडाची, आणि सगळी खदानीकडं पाठ करून रुसल्यासारखी बसलेली. कारण साधं होतं. दुपारी सुरुंग उडाला की दगडाच्या कपच्या वस्तीपर्यंत यायच्या, आणि क्रशरची धूळ तर पिठाच्या डब्यातही सापडायची. त्या बाजूला खिडकी ठेवणारा माणूस आमच्याकडं वेड्यातच निघाला असता.

खदान बंद पडून आता बरीच वर्षं झाली. क्रशरचं लोखंड भंगारात गेलं, ठेकेदार गेला तो गेलाच. वस्तीतली माणसं कुणी ऊसतोडीला जातात, कुणी पुण्याला कंपनीत लागलेत. खड्ड्यात पाणी साचलंय. तिथं म्हशी डुंबतात, बाया कपडे धुतात, आणि राणीसावरगावच्या बाजाराहून येणारी पोरं मोटारसायकली थांबवून फोटो काढतात. दादा, म्हणजे माझे वडील, उभी हयात जिथं घण मारत होते, तिथं आता फोटो! मला आधी भयंकर राग यायचा. मग एकदा मीही काढला. चांगला आला, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी त्या पाण्यावरून गार वारा सुटतो आणि आमच्या बंद भिंतीवर आपटून परत जातो. आत माझी माय घामानं निथळत पडलेली. तिचे गुडघे गेलेत, ऊठबस होत नाही. परभणीला माझ्याकडं यायचं नाव काढत नाही. "तिथं मला कोण वळखतंय?" म्हणते. घरात पंखा आहे, पण लाइटीचा काय भरवसा! मागच्या उन्हाळ्यात तिला भोवळ आली, तेव्हा मी ठरवून टाकलं की भिंत फोडायची.

"खिडकी नको," माय म्हणाली.

"सुरुंग कधीच बंद झालेत, माय. दगड येणार कुठून?"

"न्हाई म्हणलं ना. लय शानी होऊ नको."

मीही तिचीच लेक. तिला न विचारता वस्तीतलाच गवंडी बोलावला. त्यानं चहा घेतला, भिंतीवर खडूनं चौकोन काढला आणि पहार उचलली. माय बाजेवरूनच म्हणाली, "लाव हात भितीला, मंग सांगते तुला." त्यानं गुपचूप पहार खांद्यावर टाकली आणि घर गाठलं. वस्तीत मायच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही.

माझं डोकंच फिरलं. "उकाड्यात मरायचंय का तुला?" मी ओरडले.

मायनं पदरानं मानेवरचा घाम टिपला. मग भिंतीकडं बघत बोलली. "तुझ्या दादानं मागितली व्हती. शेवटच्या उन्हाळ्यात. खोकून खोकून जीव जायलता त्यांचा. म्हणले, एवढी एक खिडकी पाड, जरा वारा लागू दे. तवा खदान चालू व्हती. मी म्हणलं, धूळ यील, अजून खोकताल. न्हाई पाडू दिली. ह्याच भितीकडं बघत गेले ते. आन् आता मी एकटीच वारा खाऊ व्हय?"

हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी सासरी होते. मला रडू आलं. "तुझं काय चुकलं, माय? धूळ होतीच की," एवढंच मी म्हणाले. तिनं कूस बदलली.

सकाळी तिनंच शेजारणीकडून गवंड्याला निरोप धाडला, पहार घेऊन ये म्हणून.

दोन दिवसांत खिडकी झाली. मी जाळी बसवून घेतली आणि परभणीला परतले. पुढच्या रविवारी आले तर मायनं आपली बाज पार पलीकडच्या भिंतीला लावून घेतलेली. खिडकीखाली दादांची जुनी बाज, तिच्यावर धुतलेली वाकळ नीट अंथरलेली.

"अगं, वारा तिकडं आणि तू इकडं?"

"ती जागा त्यांची हाय."

मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर दादांचं जेवण उरकल्याशिवाय ही बाई ताटावर बसली नाही.

"मग तुला वारा कसा लागायचा?" मी विचारलं.

"येतो की," माय म्हणाली. "त्यांचं झालं की मला येतो."